ओठ पुढे, आवाज मागे: व्हिडिओ कन्व्हर्ट करताना फ्रेम रेट कसा सांभाळायचा

लग्नाच्या व्हिडिओत पहिल्या मंगलाष्टकाला भटजींचे ओठ आणि आवाज अगदी जुळलेले असतात. सप्तपदीपर्यंत थोडासा फरक जाणवू लागतो. पाठवणीला नवरीच्या आईचा हुंदका ऐकू येतो, तेव्हा चित्रात तिचा पदर डोळ्यांवरून कधीच खाली आलेला असतो. अशा वेळी नवीन मुलं फाइल पुन्हा कन्व्हर्ट करतात. जमलं नाही तर दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून, मग तिसऱ्या. दर वेळी चित्र थोडं धुरकट होतं आणि मूळ दोष तिथेच राहतो.

सातारा-सांगली भागात लग्नं, गावजत्रा, नाटकं, कुस्तीची मैदानं, बैलगाडा शर्यती शूट करून मिक्सिंग (व्हिडिओ एडिटिंग) शिकत असाल, तर हा क्रम पाठ करून ठेवा: आधी फाइल वाचायची, दोषाला नाव द्यायचं, मगच कन्व्हर्ट करायचं, आणि तेही एकदाच.

काय काय लागेल

- मीडियाइन्फो: फाइलच्या आत काय आहे ते दाखवतं.
- व्हीएलसी: फक्त पाहण्यासाठी आणि मोजण्यासाठी. त्यातला कन्व्हर्टचा पर्याय वापरू नका, सिंक (ओठ-आवाजाची जुळणी) सुटण्याच्या बऱ्याच तक्रारी तिथेच सुरू होतात.
- हँडब्रेक: फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) स्थिर करायला आणि शेवटची फाइल बनवायला.
- एमकेव्हीटूलनिक्स: चित्राला हात न लावता आवाज मागे-पुढे करायला.
- एडिटिंगसाठी दाविंची रिझॉल्व्ह किंवा तुम्ही वापरता ते सॉफ्टवेअर. वरची चारही साधनं मोफत आहेत, रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती आहे.
- मूळ क्लिपच्या किमान तिप्पट मोकळी जागा असलेली हार्डडिस्क.
- यूपीएस. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. रेंडर (म्हणजे तयार फाइल लिहिणं) ९५ टक्क्यांवर असताना वीज गेली तर उरलेली फाइल सहसा उघडतच नाही. एमकेव्हीचं तसं नसतं, जेवढं लिहून झालं तेवढं वाचतं. म्हणून लाइट जाण्याची सवय असलेल्या गावात लांब रेकॉर्डिंग आणि कच्ची रेंडर एमकेव्हीत करा.

१. फाइल वाचा

मीडियाइन्फोत क्लिप उघडा आणि ट्री व्ह्यू निवडा. या ओळी वहीत उतरवून घ्या:

फ्रेम रेट मोड. इथे ‘कॉन्स्टंट’ असेल तर प्रत्येक फ्रेममधलं अंतर समान आहे. ‘व्हेरिएबल’ असेल तर खाली किमान आणि कमाल आकडेही दिसतात. दोन्ही आकडे २९.९७ आणि ३०.०० असे जवळजवळ असतील तर फारसं घाबरायचं कारण नाही. किमान १५ आणि कमाल ३० दिसलं, तर ही क्लिप थेट टाइमलाइनवर (एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या पट्टीवर) टाकायची नाही.

फ्रेम रेट. २५, ५०, २९.९७ की ३०? २९.९७ आणि ३० यांना एकच समजू नका. २९.९७ म्हणजे ३०,००० भागिले १,००१. फरक हजारात एक एवढाच, पण तासाभरात तो ३.६ सेकंद होतो आणि अडीच तासांच्या नाटकात ९ सेकंद.

स्कॅन टाइप. ‘इंटरलेस्ड’ असेल तर स्कॅन ऑर्डरही लिहून घ्या, पाचव्या पायरीत ती लागेल.

ऑडिओचा सॅम्पलिंग रेट. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्‌झ हवा. ४४.१ चा आवाज चालतो, पण एखाद्या सॉफ्टवेअरने ४८ चा आवाज ४४.१ समजून वाजवला तर तो जवळपास ८ टक्के हळू आणि जाड होतो. सनई भलत्याच सुरात ऐकू आली तर संशय इथे घ्यायचा.

२. दोषाला नाव द्या

व्हीएलसीत क्लिप तीन ठिकाणी पाहा: सुरुवातीला, मध्यावर, शेवटी. टाळी, हलगीची थाप, ताशावरची काडी असं काहीतरी ठसठशीत शोधा. ‘के’ दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो, ‘जे’ दाबलं की तेवढाच पुढे येतो. ओठ जुळेपर्यंत दाबा आणि स्क्रीनवरचा आकडा लिहून घ्या. तिन्ही ठिकाणचे आकडे शेजारी मांडले की उत्तर बरंचसं मिळतं.

*तिन्ही आकडे सारखे.* आवाज सुरुवातीपासूनच ठरावीक अंतराने सरकलेला आहे. पुन्हा रेंडर करण्याची गरज नाही. एमकेव्हीटूलनिक्समध्ये ऑडिओ ट्रॅक निवडा आणि विलंबाच्या चौकटीत व्हीएलसीचा आकडा वजा चिन्हासकट तसाच लिहा. दोन मिनिटांत नवी फाइल तयार, चित्राचा दर्जा जसाच्या तसा.

*आकडे एका चालीने वाढत जातात.* सुरुवातीला शून्य, अर्ध्या तासाला १.८ सेकंद, तासाला ३.६ सेकंद. हा ३० आणि २९.९७ चा घोळ आहे. आवाज हळूहळू मागे पडत असेल, तर त्याच सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ ट्रॅकच्या ‘स्ट्रेच’ चौकटीत १००१/१००० लिहा. आवाज पुढे पळत असेल तर १०००/१००१. ताण व्हिडिओ ट्रॅकलाच द्यायचा. ऑडिओ ट्रॅकला तिथे ताण देऊ नका, आवाज तुटतो. फरक खूप मोठा असेल, म्हणजे तासाला दीड-दोन मिनिटांच्या पुढे, तर २४ आणि २५ ची गल्लत झाली आहे. तो ४ टक्क्यांचा फरक आहे.

*आकडे वेडेवाकडे.* शून्य, मग ०.४, मग पुन्हा ०.१. ही व्हेरिएबल फ्रेम रेटची खूण. तिसऱ्या पायरीकडे जा.

*एका क्षणापर्यंत ठीक, मग एकदम उडी.* दोन फाइल जिथे जोडल्या तिथे किंवा कॅप्चर करताना फ्रेम गळाल्या तिथे दोष आहे. पाचवी पायरी पाहा.

आवाज नीट पण चित्र झटके खातंय, असं असेल तर व्हीएलसीत ‘ई’ ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. चालणाऱ्या माणसाचा शॉट निवडा. सहा फ्रेमांत एकदा चित्र जागचं हलत नसेल, तर कोणीतरी २५ ची क्लिप ३० ची करून दिली आहे. दर पाचव्या फ्रेमला माणूस जरा जास्त उडी मारत असेल, तर ३० ची २५ केली आहे. दोन्ही वेळा ज्याने शूट केलं त्याच्याकडून मूळ क्लिप मागवा. गळालेली फ्रेम कोणतंही कन्व्हर्टर परत आणत नाही.

३. मोबाइलच्या क्लिप स्थिर करा

मोबाइलची क्लिप व्हेरिएबल का होते? मांडवात उजेड कमी पडला की फोन प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो आणि सेकंदाला ३० ऐवजी २०-२२ फ्रेमच घेतो. चैत्रातल्या उन्हात फोन तापला तरी तेच. प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहिलेली असते, म्हणून फोनमध्ये किंवा व्हीएलसीत पाहताना सगळं ठीक दिसतं. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र अनेकदा सगळ्या फ्रेम समान अंतरावर आहेत असं धरून चालतं, आणि तिथे ओठ सुटतात. फाइल बिघडलेली नसते, ती चुकीच्या मापाने वाचली जात असते.

हँडब्रेकमध्ये असं करा:

अ) क्लिप उघडा. प्रीसेटमध्ये प्रोफेशनल गटातला ‘प्रॉडक्शन स्टँडर्ड’ निवडा. तो एडिटिंगसाठीच आहे.

आ) डायमेन्शन्समध्ये क्रॉपिंग ‘नन’ करा. ऑटोमॅटिक ठेवलं तर अंधारातल्या वरातीच्या शॉटला हँडब्रेक काळी पट्टी समजून कापू शकतं.

इ) व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेम रेट हाताने निवडा. क्लिपची सरासरी २९.८ असेल तर ३०, ५९ च्या आसपास असेल तर ६०. खाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर टिक करा. ‘सेम ॲज सोर्स’ ठेवू नका, नाहीतर २९.८३ सारखा विचित्र आकडा पदरात पडतो आणि टाइमलाइनवर पुन्हा तोच खेळ.

ई) दर्जाचा आकडा, म्हणजे आरएफ, १६ ते १८ ठेवा. आकडा लहान तितका दर्जा जास्त. फाइल मूळ क्लिपपेक्षा मोठी झाली तर होऊ द्या, ती कामापुरती आहे.

उ) ऑडिओत एएसी, ३२० केबीपीएस, सॅम्पल रेट ४८.

ऊ) आधी फक्त ३० सेकंद करून पाहा. रेंजमध्ये ‘सेकंद’ निवडून क्लिपच्या शेवटाकडचा तुकडा घ्या. सुरुवातीचा तुकडा काहीच सांगत नाही, सुरुवातीला सगळ्यांचंच जुळलेलं असतं.

तुकडा बरोबर निघाला की बाकीच्या क्लिप रांगेत लावा आणि रात्रभर चालू द्या. ३० ची क्लिप याच पायरीत २५ ची करू नका. आत्ता फक्त अंतरं समान करायची आहेत.

आणखी एक. नातेवाइकांकडून क्लिप व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखी मागवू नका. तिथे ती दाबून लहान केली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा (२ जीबीपर्यंत जाते), नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन जा.

४. टाइमलाइन २५ ची, हे आधी ठरवा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आणि टीव्हीची जुनी पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि २५ व ५० त्याला नीट भागतात. म्हणून लग्न, नाटक, गावचा कार्यक्रम २५ वर, आणि शर्यत किंवा कुस्तीसारखं वेगवान काम ५० वर घ्या. नंतर ५० वरून २५ करताना एक सोडून एक फ्रेम जाते, झटका बसत नाही.

शूटिंगच्या आदल्या दिवशी दोन्ही कॅमेरे, ड्रोन आणि फोन एकाच आकड्यावर आणा. कॅमेऱ्यात एनटीएससी (३० फ्रेमांची अमेरिकन पद्धत) आणि पाल असा पर्याय असतो, त्यात पाल. काही कॅमेऱ्यांत हा बदल केल्यावर कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, म्हणून हे काम हळदीच्या दिवशी मांडवात करू नका. आयफोनमध्ये कॅमेरा सेटिंगच्या ‘रेकॉर्ड व्हिडिओ’त पाल फॉरमॅट दाखवण्याचं बटण चालू केलं की २५ दिसू लागतो, आणि तिथलंच ‘ऑटो एफपीएस’ बंद करा.

रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेम रेट पहिली क्लिप आत घेण्यापूर्वी ठरवा. नंतर तो बदलता येत नाही. पहिली क्लिप टाकताच ‘प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलू का?’ असं विचारलं जातं. पहिली क्लिप फोनची असेल आणि तुम्ही घाईत ‘हो’ म्हणालात, तर अख्खं लग्न ३० वर बसतं.

आता ३० ची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर कशी घ्यायची, यावर सगळ्यात जास्त चुका होतात. सेकंदाच्या ३० फ्रेमांतून ५ गाळल्या जातात, म्हणजे दर सहावी. माणसं बसलेली असतील तर कळत नाही. कॅमेरा आडवा फिरला की कळतं. शॉटमध्ये कोणी बोलत नसेल, म्हणजे कासची फुलं, हार, रांगोळी, मेहंदीचे हात, तर त्या क्लिपचा वेग ८३.३३ टक्के करा. एकही फ्रेम गळत नाही, हालचाल किंचित संथ होते आणि उलट देखणी दिसते. ६० ची क्लिप अशीच ४१.६७ टक्क्यांवर, ५० ची ५० टक्क्यांवर. बोलणारा शॉट असेल तर वेगाला हात लावायचा नाही. तिथे गळती मान्य करा किंवा ऑप्टिकल फ्लो (मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने अंदाजाने बनवायची सोय) लावून पाहा. ऑप्टिकल फ्लोला अक्षता, फुलं आणि लेझीमच्या साखळ्या झेपत नाहीत, त्यांच्या कडा पाण्यासारख्या विरघळतात. अक्षता उडत असलेल्या शॉटला तो लावूच नका.

५. जुन्या कॅसेट, एमटीएस आणि डीव्हीडी

‘आजोबांच्या एकसष्टीची कॅसेट आहे, पेनड्राइव्हवर द्या’ हे काम हमखास येतं. मनापासून करण्यासारखं आहे, कारण ती माणसं पुन्हा शूट करता येत नाहीत.

हे जुनं चित्र इंटरलेस्ड असतं: एका फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक गुंफलेल्या. संगणकावर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. तपासताना व्हीएलसीतलं डीइंटरलेस बंद ठेवा, नाहीतर दोष झाकला जातो.

हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेससाठी ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ किंवा ‘याडिफ’ निवडा. साध्या प्रीसेटने २५ फ्रेम मिळतात. ‘बॉब’ प्रीसेटने प्रत्येक अर्ध्या चित्राची स्वतंत्र फ्रेम होते आणि ५० मिळतात. तेव्हा व्हिडिओ टॅबमध्येही ५० कॉन्स्टंट निवडा, नाहीतर मिळवलेल्या निम्म्या फ्रेम पुन्हा जातील. कुस्ती, लेझीम, पालखी यांना बॉबच लावा. डीइंटरलेस होण्यापूर्वी चित्र लहान-मोठं करू नका, दात कायमचे आत मुरतात.

डीइंटरलेस केल्यावर चित्र पुढे-मागे थरथरत असेल तर ओळींचा क्रम उलटा धरला गेला आहे. पालच्या मिनी डीव्हीत खालची ओळ आधी येते, एचडी कॅमेऱ्यांत वरची.

कॅप्चर करतानाचे सापळे: व्हीएचएससाठीचा यूएसबी डोंगल बऱ्याचदा एनटीएससीवर सुरू होतो आणि चित्र काळं-पांढरं किंवा घसरतं येतं. त्याच्या सेटिंगमध्ये पाल बी निवडा. मिनी डीव्ही फायरवायर केबलनेच घ्या. बहुतेक हँडीकॅममधून यूएसबीने टेपचं पूर्ण दर्जाचं चित्र येत नाही. एका तासाच्या डीव्हीला साधारण १३ जीबी लागतात. कॅप्चर चालू असताना संगणकावर दुसरं काही उघडू नका. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा वाढला की टेप मागे घेऊन तेवढा भाग पुन्हा घ्या. उडी मारणारा सिंक इथेच जन्मतो.

एमटीएस, म्हणजे एचडी हँडीकॅमच्या क्लिप, कार्डातून एकेक उचलू नका. कॅमेरा लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करतो, आणि ते कसे जुळायचे हे बाजूच्या फोल्डरांत लिहिलेलं असतं. अख्खं कार्ड जसंच्या तसं हार्डडिस्कवर घ्या आणि एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमधून उघडा. डीव्हीडीचंही तेच. व्हीओबी फाइल सुमारे १ जीबीच्या तुकड्यांत असतात. एकेक तुकडा कन्व्हर्ट करून जोडला तर सांध्यावर आवाज सरकतो. हँडब्रेकला पूर्ण ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर द्या.

६. नाटक आणि स्वतंत्र रेकॉर्डर

सांगलीत हे काम भरपूर आहे, आणि इथे फ्रेम रेट बरोबर असूनही सिंक सुटतो. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं वेगवेगळी असतात. तासाला दोन-चार फ्रेमांचा फरक पडणं नेहमीचं आहे. तिसऱ्या अंकात तो ओठांवर दिसतो.

दोन्ही यंत्रं चालू झाल्यावर एक टाळी, प्रयोग संपल्यावर दुसरी. कॅमेऱ्यात दोन टाळ्यांमधलं अंतर ९००० सेकंद आणि रेकॉर्डरमध्ये ९०००.४ असेल, तर आवाजाचा वेग ९०००.४ भागिले ९००० म्हणजे १००.००४४ टक्के हवा. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दशांशानंतर सहसा दोनच घरं लिहिता येतात, त्यामुळे हा आकडा तिथे बसत नाही. सोपा मार्ग असा: प्रत्येक प्रवेशाच्या अंधारात आवाज कापा आणि पुढच्या प्रवेशाच्या पहिल्या वाक्यावर नव्याने जुळवा. दहा-बारा काप पुरतात. संवाद चालू असताना मात्र कापू नका.

७. पट्ट्या आणि लुकलुक

३० वर आणि १/६० शटरवर शूट केलं की एलईडीखाली चित्रात पट्ट्या सरकतात. उपाय शूटिंगच्या वेळीच: शटर १/५० किंवा १/१००. फ्रेम रेट ३० ठेवावा लागला तरी शटर हेच. जत्रेत जनरेटर असेल तर त्याची वीज नेमकी ५० वर राहीलच असं नाही, म्हणून दिवे लागल्यावर दहा सेकंद घेऊन मोठं करून पाहा. चित्रात एकदा बसलेली पट्टी कन्व्हर्ट करून जात नाही.

८. द्यायची फाइल

घरच्या टीव्हीसाठी एमपी४, एच.२६४, ८-बिट, हाय प्रोफाइल. १०८० ला २५ फ्रेम असतील तर लेव्हल ४.१, ५० असतील तर ४.२. आवाज एएसी स्टीरिओ. १०-बिट किंवा एच.२६५ तुमच्या संगणकावर सुरेख चालेल, पण वाई-विट्याच्या एखाद्या घरातल्या आठ वर्षं जुन्या टीव्हीवर नुसता आवाज येईल.

एफएटी३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. ८ एमबीपीएसने एक तास म्हणजे ३.६ जीबी, म्हणजे तासाभराचा एक भाग आरामात मावतो. तीन तासांच्या लग्नाचे हळद, लग्न, वरात असे भाग केले की टीव्हीवरही शोधायला सोपं. टीव्ही नवा असल्याची खात्री असेल तरच एक्सफॅट करा.

कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून काढा, पुन्हा लावा आणि प्रत्येक भागाची शेवटची दोन मिनिटं आवाज चालू ठेवून पाहा. मूळ कार्डं पुसायची ती गिऱ्हाइकाने आपल्या टीव्हीवर सगळं पाहून फोन केल्यानंतर.